पोटकुळाचा खंड

समाजमाध्यमांसाठी तिऱ्हाइताने बनवलेल्या ॲपला पैसे मोजावेत की नाही, हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकींत गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा निघतो आहे. कोणी म्हणतो, महिन्याला दोन-तीनशे रुपये टाकले की जाहिराती जातात आणि काम हलके होते. कोणी म्हणतो, फुकट आहे तेच पुरे. दोन्ही बाजू हिशेबाच्या आहेत, आणि गरिबाच्या चळवळीने हिशेब केलाच पाहिजे. परंतु हिशेबाच्या आधी ती जागा कोणाची, हे विचारायला हवे; आणि जागा कोणाची हा प्रश्न आला की आपल्या समाजाला त्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.

तिऱ्हाईत ॲप म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्विटर एका कंपनीचे होते. परंतु ते वाचण्याचे आणि त्यावर लिहिण्याचे साधन दुसऱ्याच कारागिराने बनवलेले असू शकत होते. ट्वीटबॉट, ट्विटरिफिक ही अशी साधने. काही ॲपे एकच मजकूर चार माध्यमांवर ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी टाकून देतात. काही मूळ मालकाची परवानगी न घेताच चालतात. 'जीबी व्हॉट्सॲप' आपल्या गावागावात आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जमीन एकाची, ती कसण्याचा करार दुसऱ्याचा, आणि आपण त्या दुसऱ्याला पैसे देऊन बांधाच्या आत उभे राहतो. आमच्या भागात याला पोटकूळ म्हणतात.

कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने मालक झाले. सातारा-सांगलीत कित्येक घरांचे दिवस त्यामुळे पालटले. पण ज्याचे नाव कूळ म्हणूनही कागदावर नव्हते, जो कुळाच्या हाताखाली राबत होता, त्याला काय मिळाले? सातबाऱ्याच्या 'इतर हक्का'तही त्याचे नाव नव्हते. त्याने खंड दिला होता, घाम दिला होता. पुरावा मात्र नव्हता. महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या बहुतेक घरांची गोष्ट याहून वेगळी नाही. तेव्हा पोटकुळाच्या व्यवहाराकडे आपण पुणे-मुंबईच्या ग्राहकाच्या नजरेने पाहू शकत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने तिऱ्हाईत ॲपांचे दार एका रात्रीत लावले. १२ तारखेच्या सुमारास ती ॲपे चालेनाशी झाली. बनवणाऱ्यांना आधी नोटीस नाही, नंतर खुलासा नाही. १९ तारखेला नियमच बदलला, की आमच्या ॲपाची जागा घेणारे ॲप कोणी बनवू नये. म्हणजे आधी घर पाडले आणि मग पाडण्याचा ठराव लिहिला. यात विशेष लक्षात घ्यावे असे हे की 'ट्वीट' हा शब्द आणि पक्ष्याचे चिन्ह आधी ट्विटरिफिकने वापरात आणले, २००७ साली, आणि मालकाने ते पुढे आपले म्हणून मिरवले. मालक बदलल्यावर, जुलै २०२३ मध्ये, नावही गेले आणि पक्षीही गेला.

हे वाचले तेव्हा मला महार वतनाची आठवण झाली. गावची शीव कोठून कोठवर, हे महाराने सांगायचे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोठी. आणि त्या शिवेच्या आतल्या जमिनीवर त्याचा हक्क किती? ही तुलना फार ताणू नये, हे मला कळते. अमेरिकेतला ॲप बनवणारा कारागीर म्हणजे वेठबिगारीतला महार नव्हे. त्याला कोणी गावाबाहेर ठेवलेले नाही, आणि दुसरे ॲप बनवायला तो मोकळा आहे. पण जो खूण निर्माण करतो त्याला खुणेवर हक्क नसतो, ही व्यवस्थेची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. त्या दोन्ही कंपन्यांनी वर्गणीदारांना विनंती केली की, शक्य असल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागू नका. ही विनंती मला अपमानास्पद वाटली नाही. मालकाने हाकललेल्या कुळाने पोटकुळापुढे पदर पसरावा, असे ते चित्र आहे. पैसे ज्याला दिले तो गेला. ज्याच्यामुळे गेला त्याच्याकडे मागायचे काही कारणच उरले नाही, कारण करार त्याच्याशी नव्हताच.

आता आमचे सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये महाविद्यालये बंद होती. आमच्या काही विद्यार्थ्यांनी वाळवा, आटपाडी, खटाव, माण या तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला घेतले. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाया, धर्मांतरानंतर घरातले देव ओढ्यात सोडलेली माणसे, जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या. हे सर्व आठवड्याला एक याप्रमाणे लोकांपुढे यावे म्हणून आम्ही एका परदेशी कंपनीचे ॲप वर्षाच्या बोलीने घेतले. साडेसात हजार रुपये झाले. पंचवीस जणांनी तीनशे-तीनशे काढले. त्यात तासिका तत्त्वावर शिकवणारे होते, ऊसतोडीच्या घरातली मुले होती. आमच्यापैकी कोणाकडेही परदेशी व्यवहाराचे कार्ड नव्हते. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मित्राच्या कार्डावरून पैसे भरले. मुद्रणे एकसष्ट झाली. ती ॲपाच्या कोठीत चढवली, तारखा लावल्या आणि मुलांनी मोबाइल रिकामे केले. स्वस्त मोबाइलमध्ये एकसष्ट तासांना जागा नसते.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला. कार्डावरून दर मुदतीला आपोआप पैसे कापले जाण्यासाठी ग्राहकाची नव्याने संमती लागू लागली, आणि पाच हजारांवरच्या रकमेला दर खेपेस ओटीपी. नियम ग्राहकाच्या संरक्षणाचा होता आणि मला तो आजही योग्यच वाटतो. पण आमची वर्गणी डिसेंबरात अडकली. ओटीपी ज्या नंबरवर यायचा तो मित्राने बदललेला. कंपनीचे इशारे त्याच्या जुन्या पत्त्यावर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला कळले तोवर खाते गोठले होते. पत्रव्यवहार करीपर्यंत कोठी पुसली गेली. उत्तरे इंग्रजीत येत, खाली एका माणसाचे पहिले नाव असे. चौथ्या पत्राला ध्यानात आले की ते माणूस नाही. तेवीस मुद्रणे त्याआधीच प्रसिद्ध झाली होती म्हणून वाचली. अडतीस गेली. त्यांत माझ्या आत्याचे एक होते. ते ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला लावले होते. आत्या त्याआधीच, दिवाळीत वारली होती.

यात कंपनीचा दोष किती आणि आमचा किती, याचा निवाडा मी करीत नाही. मूळ प्रत हाताशी न ठेवणे हा आमचाच निष्काळजीपणा, आणि घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माणसाला कागद जपण्याची शिकवण नव्याने द्यायला नको होती. शाळा सोडल्याचा आजोबाचा दाखला मिळेना म्हणून आम्ही किती हेलपाटे घातले आहेत! पण पैसे दिल्यामुळेच आम्ही निर्धास्त झालो, हे मला महत्त्वाचे वाटते. फुकटच्या जागेत माणूस सावध असतो. पावती हातात आली की त्याला वाटते, आता जागा आपली झाली.

पैसे दिले म्हणून जागा मिळते, हेही खरे नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. त्या पत्राची जाहिरात 'केसरी'ने छापावी अशी विनंती केली, पैसे देण्याची तयारी दाखवली, तरी 'केसरी'ने ती छापली नाही. आपल्या चळवळीत ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. ती सांगताना आपण 'केसरी'च्या वृत्तीवर बोट ठेवतो आणि थांबतो. त्यापुढचा अर्थ आपण काढत नाही. बाजारात रुपया सर्वांचा सारखा असतो, असे उदारमतवादी अर्थशास्त्र सांगते. १९२० मध्ये तो सारखा नव्हता. दुकान ज्याचे, त्याने आपला रुपया घ्यायचा की नाही ते ठरवले.

आणि आज ते रुपया घेतात, म्हणून काय पालटले? नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले असता ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा अशा अर्थाचा फलक हातात घेतलेले त्यांचे छायाचित्र निघाले. तो फलक एका दलित कार्यकर्तीने भेट दिलेला होता. गदारोळ होताच कंपनीने माफी मागितली. कोणाची? दलित स्त्रियांची नव्हे. वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, पत्रकार दिलीप मंडल यांचे खाते रोखले गेले तेव्हा दलित, आदिवासी, बहुजन वापरकर्त्यांनी हजारोंच्या संख्येने आवाज उठवला. त्यांची एक मागणी निळ्या खुणेची होती. सवर्ण पत्रकाराला शे-दोनशे वाचक असताना ती खूण मिळते, आणि आमच्या लाखभर वाचक असलेल्या लेखकाला मिळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. खूण देण्याचे निकष काय ते सांगा, नाही तर सर्वांच्या खुणा काढा, अशी ती मागणी. माझ्या मते समाजमाध्यमांच्या इतिहासात जातीच्या प्रश्नावर आपल्याकडे इतके नेमके बोट दुसऱ्या कोणी ठेवलेले नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ती खूण भारतात विकायला काढली. संगणकावर महिना ६५० रुपये, मोबाइलवर ९००. एप्रिलमध्ये जुन्या, मानाच्या खुणा काढून टाकल्या. २०२५ च्या जुलैत भाव उतरवले. आमच्यातले काही मित्र हरखून गेले. म्हणाले, आता जात आडवी येत नाही, पैसे टाकले की झाले, हीच समता. मी त्यांच्याशी वाद घातला आणि अजून घालतो. मान्यतेची मागणी केली तर दुकानाची पावती मिळाली! ज्याने पैसे भरले त्याचे उत्तर वर चढते, ज्याने नाही भरले त्याचे खाली जाते. याला समता म्हणायचे असेल तर देवळाच्या दारात पैसे घेऊन वेगळी रांग लावणाऱ्यालाही समतावादी म्हणावे लागेल. आणि 'पडताळणी' हा शब्द आपल्याला नवा नाही. जात पडताळणीच्या कचेरीत आपल्या मुलांनी किती सकाळी काढल्या आहेत! आपण जे आहोत ते आहोत, हे दुसऱ्याच्या शिक्क्याने सिद्ध करण्याची सक्ती ज्याने सोसली, त्याने तो शिक्का विकत मिळतो म्हणून आनंद मानावा, हे मला समजत नाही.

येथे जीबी व्हॉट्सॲपविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण आपल्या तरुणांत त्याचे आकर्षण मोठे आहे. समोरच्याने पुसलेला निरोप दिसतो, एका वेळी वाटेल तितक्यांना पुढे पाठवता येते, ही त्याची मोहिनी. निवडणुका आल्या की एकगठ्ठा निरोप पाठवणारी सॉफ्टवेअरे पैसे मोजून आणली जातात, तीही याच जातीची. पण पुढे पाठवण्यावर मर्यादा का आली? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारे म्हणून, जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून जगणारी ती माणसे. मोबाइलवरून फिरणाऱ्या अफवांनी त्या वर्षी देशभर असे बळी घेतले आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा घातली. ही मर्यादा आपल्या भटक्या-विमुक्त भावंडांच्या रक्ताने लिहिलेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, चार साधूंना त्याच संशयावरून बेदम मारहाण झाली. अशा स्थितीत ती मर्यादा तोडणारे ॲप जयंतीचे फलक पोहोचवायला वापरणारा कार्यकर्ता कोणाच्या बाजूने उभा आहे? त्याचा हेतू चांगला आहे, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. हे ॲप फुकट मिळाले तरी महाग आहे.

मग तिऱ्हाईत ॲपाला एक पैसाही देऊ नये काय? असे मी म्हणत नाही. माझ्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. मूळ कंपनीच्या ॲपात बटणांची नावेच वाचून दाखवली जात नव्हती, म्हणून तो पैसे देऊन तिऱ्हाइताचे साधे ॲप वापरी आणि त्यावर माझ्याहून जास्त वाचन करी. त्याने दिलेला पैसा मला शंभर टक्के सार्थ वाटतो. २०२३ साली रेडिट या माध्यमाने असाच दर वाढवला. 'अपोलो' नावाचे ॲप एकटा कारागीर चालवीत होता, त्याला वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर लागतील असा हिशेब निघाला आणि ३० जूनला त्याने ॲप बंद केले. अंधांच्या वाचकगटांनी ओरड केली तेव्हा अंधांसाठीच्या आणि नफा न करणाऱ्या ॲपांना सूट मिळाली. मिळाली हे बरेच झाले. पण हक्काची गोष्ट मेहरबानी म्हणून पदरात पडली की ती कधी काढून घेतली जाईल याचा नेम नसतो, हे सवलतींच्या राजकारणात वाढलेल्या आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि कारागिराला पैसे देण्याला माझा विरोध कशासाठी असेल? आपण दिलेल्या शंभरातले पंधरा ते तीस रुपये गूगल नाही तर ॲपल अडत म्हणून कापून घेते, वर सरकारचा कर. सांगलीच्या यार्डात हळद नेणाऱ्याला अडत्या म्हणजे काय ते समजावावे लागत नाही. उरलेले कारागिराला मिळतात. जेथे एकच मालक नाही, तेथे या पैशाला अर्थ आहे. मॅस्टोडॉन हे माध्यम तसे आहे. त्याचे कोठार कोणालाही उभारता येते आणि कोणी एक माणूस रात्रीत सर्वांचे दार लावू शकत नाही. ट्वीटबॉटवाल्यांनी नंतर त्याच्यासाठीच ॲप केले. नोव्हेंबर २०१९ च्या त्या वादळात आपल्याकडचे पुष्कळ जण तिकडे गेले होते. काही महिन्यांत बहुतेक परत आले. कारण तेथे आपला माणूस नव्हता. आपली आत्या, आपली वहिनी, आपला सरपंच व्हॉट्सॲपवर आहे. ही अडचण खरी आहे आणि तत्त्वाच्या जोरावर ती उडवून लावता येणार नाही.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे आणि तो आपल्यावरच आहे. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केला. विनावेतन, रात्री जागून, अंकाचे रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत. वर्गणी येईना. पत्राचे हे ऋण समाजावर आहे की नाही, असे त्यांना अग्रलेखातून विचारावे लागले. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. म्हणजे एकीकडे 'केसरी' आपला पैसा घेत नव्हता, आणि दुसरीकडे आपण आपल्याच पत्राला पैसा देत नव्हतो. पहिली गोष्ट आपण भाषणात सांगतो, दुसरी सांगत नाही. आमच्या पंचवीस जणांनी त्या ॲपाला तीनशे रुपये दिले ते एका आठवड्यात. त्यातल्या किती जणांची या त्रैमासिकाची वर्गणी भरलेली होती, हे मी नंतर विचारले. सहा जणांची. माझी स्वतःची दोन वर्षांची थकली होती.

बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. खिळे आपले, यंत्र आपले, जुळारी आपला. यावर मला लगेच कोणी विचारील की, मग जून २०१६ च्या एका रात्री दादरच्या आंबेडकर भवनाबरोबर बुद्धभूषण छापखान्यावरही बुलडोझर फिरला, त्याचे काय? हा प्रश्न मला निरुत्तर करतो. आपल्या मालकीचे असले म्हणजे सुरक्षित असते, असे मी म्हणू शकत नाही. एवढेच म्हणतो की, तो छापखाना पडला तेव्हा हजारो माणसे मुंबईच्या रस्त्यावर आली, कारण काय पडले ते प्रत्येकाला ठाऊक होते. आमची अडतीस मुद्रणे पुसली गेली तेव्हा पंचवीस जणांखेरीज कोणाला कळलेही नाही. मोर्चा न्यायचा तर कोणाच्या दारावर न्यायचा?

यंदाच्या बैठकीत पुन्हा ॲप घेण्याचा ठराव आला. मी विरोध केला आणि अल्पमतात राहिलो. तडजोड अशी झाली की आधी दोन हार्ड डिस्क घ्यायच्या, एक साताऱ्यात, एक सांगलीत, दोन वेगळ्या घरांत. मग उरलेल्या पैशातून सर्वांत स्वस्त ॲप, महिन्याच्या बोलीने, वर्षाच्या नव्हे. ॲपात प्रत चढवायची, मूळ नाही. म्हाताऱ्यांपैकी जी हयात आहेत त्यांच्याकडे मुले पुन्हा जात आहेत. त्यातल्या तिघांनी सांगितले की, एकदा सांगून झाले, आता पुन्हा नाही.

आत्याच्या ओव्या ज्या मुलीने मुद्रित केल्या होत्या ती आता विटाभट्टीच्या मुलांना शिकवते. तिला त्यांतल्या चार आठवत होत्या. त्या तिने आपल्या आवाजात म्हणून दिल्या. पाचवीची सुरुवात आठवते, शेवट आठवत नाही. ती तशीच, अर्धी, दोन्ही डिस्कवर ठेवली आहे.